पत्ता न सांगणाऱ्या तायडेबाई

तायडेबाईंच्या ऑफिसात पाऊल टाकलं की आधी लसणाचा वास यायचा. घाटकोपर पश्चिमेला एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांची एक खोली होती आणि दारावर पाटी, ‘सरोज तायडे – चौकशी’. आत लोखंडी टेबल, तीन खुर्च्या आणि टेबलावर स्टीलची ताटली. खालच्या गल्लीत त्यांच्या नणंदेचं पोळीभाजी केंद्र होतं, तिथला लसूण बाई वर आणून सोलायच्या. समोरचा माणूस रडत असो की ओरडत असो, मान खाली घालून त्या सोलत राहायच्या आणि मध्येच ताटली त्याच्यापुढे सरकवायच्या. “घ्या, तुम्ही पण सोला. हात रिकामे असले की माणूस नाटक करतो.” खाजगी डिटेक्टिव्ह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे काही होतं त्यात लसूण कुठेच नव्हता.

दुसरी खोड म्हणजे पहिल्या भेटीत त्या कोणाचंही काम घ्यायच्या नाहीत. बायकोवर संशय असलेला नवरा येवो, मुलीचं स्थळ तपासून घेणारे आईबाप येवोत, सगळ्यांना एकच उत्तर. “आज नाही. घरी जा, झोप काढा, मग या.” आयुर्विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. माणूस खरंच मेलाय का, कसा मेला, हे दारोदार जाऊन विचारायचं. त्या कामाने त्यांचा आवाज खडबडीत झाला होता आणि गोड बोलणाऱ्यांवरचा विश्वास पार उडाला होता. मूळच्या अकोल्याकडच्या, पण मुंबईत इतकी वर्षं काढलेली की बोली सगळी इथलीच. फक्त चिडल्या की गावाकडची भाषा बाहेर यायची.

मी त्यांच्याकडे गेले ती माझी मुलगी नाहीशी झाली म्हणून.

ऋतुजाला आम्ही मुलुंडला दिली होती. जावई प्रसाद दिसायला-बोलायला झकास, आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या बायका त्याचं उदाहरण द्यायच्या. एके सकाळी त्याचा फोन आला, “आई, ऋतुजा तिकडे आलीय का?” ती फोन घरीच ठेवून निघून गेली होती. पोलिसांत मिसिंगची तक्रार झाली. मग दिवस जायला लागले. प्रसाद एक दिवसाआड आमच्याकडे यायचा, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायचा, माझ्यासमोर डोळे पुसायचा. एकदा पोलिसांनी एका हॉस्पिटलात ओळख पटवायला बोलावलं. ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी होती. बाहेर येऊन मी देवाचे आभार मानले, आणि मग त्या दुसऱ्या आईचा विचार मनात येऊन तिथेच पायरीवर बसले. माझी मुलगी जिवंत आहे की नाही, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

डिटेक्टिव्ह लावायची कल्पना प्रसादचीच. अंधेरीला तो आम्हाला एका काचेच्या ऑफिसात घेऊन गेला. टाय लावलेल्या एका तरुणाने आमच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाला, “आंटी, कॉल रेकॉर्ड, लोकेशन, बँक, सगळं काढतो. अंदर आपली माणसं आहेत. हंड्रेड पर्सेंट गॅरंटी.” प्रसादला तो फार आवडला. मी आयुष्यभर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोकरी केली. ‘अंदर आपली माणसं आहेत’ हे वाक्य मी इतक्या लफंग्यांच्या तोंडून ऐकलंय की ती कॉफी मी तोंडाला लावली नाही. म्हटलं, अजून एक ठिकाण बघू. ऑफिसातली माझी जुनी मैत्रीण मंदा हिने तायडेबाईंचं नाव सुचवलं होतं. “तोंडाने फाटकी आहे, पण माझ्या भाचीच्या वेळी तिने वाचवलं,” म्हणाली.

तायडेबाईंकडे आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि प्रसाद. बाईंनी ताटली माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“शी इज व्हेरी सेन्सिटिव्ह,” प्रसाद म्हणाला.

“तिच्या मैत्रिणी?”

“फारशा नाहीत. घरीच रमायची.”

“परबबाई, तिला काय आवडतं?”

“टीव्ही बघायची,” पुन्हा प्रसादच.

बाईंनी वर न बघता एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. प्रसादपुढे ताटली केली तेव्हा तो हसून म्हणाला, “नको, हाताला वास राहतो.” बाईंनी ताटली मागे घेतली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे सध्या काम खूप आहे. जमणार नाही. तुम्ही अंधेरीलाच जा.” जिन्यात प्रसाद ‘चक्रम बाई’ म्हणून मनापासून हसला. हे दोघं पुढे उतरले, मी गुडघ्यामुळे मागे राहिले होते. बाई दारात आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “परवा या. एकट्या. फोन घरी ठेवून या.”

“फोन का?”

“कोणी घेऊन दिला?”

प्रसादने घेऊन दिला होता. त्यानेच त्यात सगळं घालून दिलं होतं, मला कुठे जमतं म्हणून. म्हणजे मी कुठे जाते ते त्याला दिसत असणार.

तिसऱ्या दिवशी मी फोन उशीखाली ठेवून, देवळात जाते असं सांगून निघाले. मेट्रोत बसल्यावर कोणी ओळखीचं दिसलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. या वयात चोरासारखं जावं लागतंय याचा रागही येत होता. बाईंनी आधी मला खालून आणलेला पोळीभाजीचा डबा खायला लावला आणि मग म्हणाल्या, “आता मला पारखा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! भाजी घेताना दाबून बघता ना? आपल्या धंद्यात कोणीही उठतो, पाटी लावतो. विचारा ना मला, फोनचं रेकॉर्ड काढून देणार का?”

“देणार का?”

“नाही. तो गुन्हा आहे. जो तुमच्यासाठी चोरी करतो तो तुमची पण करेल, आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली की त्या कागदाचा काही उपयोग नाही, उलट तुम्हीच आत. आता विचारा, गॅरंटी देणार का?”

“देणार का?”

“नाही. मी शोधीन एवढीच गॅरंटी. सापडेल ही गॅरंटी देणारा माणूस खोटं बोलायला लागला म्हणून समजा. आणि कोणाकडेही गेलात तरी विचारायचं, तुम्ही आजपर्यंत कुठलं काम नाकारलं? एक पण सांगता आलं नाही ना, तर चप्पल घालायची आणि निघायचं. काय काम, किती दिवस, किती पैसे, सगळं कागदावर. एवढं बघितलं की निम्मे गळतात.”

मी म्हटलं, बघितलं, आता माझं काम घ्या. तेव्हा त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. पुढे मला कळलं की हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारत आणि उत्तर आवडलं नाही तर काम घेत नसत.

“सापडल्यावर काय करणार?”

“काय करणार म्हणजे? घरी आणणार.”

“आणि तिला यायचं नसेल तर?”

मी टेबलावरची सालं गोळा करायला लागले.

“माझी अट ऐका. मुलगी सज्ञान आहे. सापडली, तर जिवंत आहे, बरी आहे, एवढं मी तुम्हाला सांगीन. पत्ता तिने परवानगी दिली तरच देईन.”

मी उठलेच. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मी आई आहे, नऊ महिने पोटात वाढवलीय, तुम्ही कोण मला सांगणाऱ्या! बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अंधेरीवाला पत्ता देईल. जो पैसे भरेल त्याला देईल. तिथे पैसे कोण भरणार होतं, ताई?”

मी पुन्हा खुर्चीत बसले. ताटली पुढे ओढली आणि सोलायला लागले. नखात लसूण गेला, डोळ्यांत पाणी आलं.

त्यांचं पहिलं काम माझ्यावरच आलं. “तिच्या घरी जा. कपडे, कपाट सोडा, ते त्याने बघितलं असणार. स्वयंपाकघर बघा. त्याच्या लक्षात येणार नाही असं तिथून काय गेलंय ते बघा.”

मी मुलुंडला गेले. जवळजवळ वर्षाने त्या घरात पाय ठेवत होते, कारण ‘आई, तुम्ही कशाला दगदग करता, आम्हीच येतो’ असं म्हणून प्रसादच तिला घेऊन यायचा आणि घेऊन जायचा. त्याला म्हटलं, तुझ्यासाठी काहीतरी करून ठेवते. मी डबे उघडत होते आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

“आई, काय शोधताय?”

“जिरं रे.”

“डावीकडे. तुमच्या समोरच तर आहे.”

जिरं समोरच होतं. त्याच्या बाजूची जागा रिकामी होती. दर मे महिन्यात मी मालवणी मसाला करते आणि तिची वर्षाची बेगमी लाल झाकणाच्या कॉफीच्या बाटलीत भरून देते. वर चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात ‘ऋतु’ लिहिलेलं असतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाटलीशी अदलाबदल होऊ नये म्हणून. ती बाटली फळीवर नव्हती. मी जिऱ्याची फोडणी दिली, भात टाकला आणि हात धुवायला म्हणून आत गेले. तेव्हा बेडरूमच्या दाराकडे लक्ष गेलं. दाराला कडी होती, चांगली जाड, नवी, आणि ती बाहेरच्या बाजूने होती. नवराबायकोच्या खोलीला बाहेरून कडी कशाला लागते? मी तिथे उभी राहिले असेन क्षणभरच. मागे त्याची चाहूल लागली आणि मी टॉवेल शोधत असल्यासारखं केलं. भात जेवला तो त्या दिवशी, दोनदा वाढून घेतला.

बाईंना हे सगळं सांगितलं. कडीचं त्यांनी मान खाली घालून, सोलता सोलता ऐकलं. मसाल्याचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मसाला नेला? ताई, मग ती जिवंत आहे. मरायला निघालेली बाई मसाल्याची बाटली घेत नाही. ही कुठेतरी चूल मांडायला गेलीय.”

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, “ती गेल्यावर मैत्रिणींचे फोन आले असतील ना तुम्हाला?”

“सगळ्यांचे आले.”

“कोणाचा नाही आला?”

मी आठवत बसले. शर्वरी. शाळेपासूनची, आमच्या घरात वाढलेली म्हटलं तरी चालेल. तिने एक फोन केला नव्हता. “ज्याला माहीत असतं तो विचारत नाही,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. त्यापुढे त्यांनी काय केलं, कुठे गेल्या, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, “जे माहीत नाही ते तोंडातून निसटत नाही.”

पण निसटायचं ते आधीच निसटलं होतं. आमच्या ह्यांनी. हे गावाच्या मुंबई मंडळाचे जुने कार्यकर्ते. कोकणातल्या माणसाला काही झालं की तो आधी मंडळाला सांगतो, मग देवाला आणि मग पोलिसांना. ऋतुजाचा फोटो ह्यांनी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शेजारच्या गावांच्या मंडळांत गेला, भजनी मंडळांत, क्रिकेटच्या टीममध्ये, दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत. आणि खाली संपर्काला नंबर दिला जावयाचा, कारण तो तरुण, फोन लगेच उचलतो. हे ऐकल्यावर तायडेबाईंनी कपाळावर हात मारला.

“कायले दिला त्याचा नंबर? कायले? अंधेरीवाला बरा, त्याने एकट्याने शोधलं असतं. तुम्ही सगळा कोकण तिच्या मागे लावला!”

घरी येऊन मी ह्यांना कडीचं सांगितलं. ह्यांचा जावयावर फार जीव. आधी म्हणाले, तू चुकीचं बघितलंस. मग म्हणाले, चोरांच्या भीतीने लावली असेल. मग उठले आणि आमच्या बेडरूमचं दार बाहेरून ओढून बघितलं. त्यानंतर ह्यांनी फोन घेतला आणि एकेका मंडळाच्या सेक्रेटरीला लावत सुटले. “हां, परब बोलतंय. पोरगी गावली रे. व्हय, सुखरूप आसा. तो फोटो काढून टाक, आणि कोणी काय सांगलान तर माकाच सांग.” आयुष्यात खोटं न बोललेला माणूस ओळीने सगळ्यांशी खोटं बोलत होता आणि दर फोननंतर कपाळाचा घाम पुसत होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रसाद दारात उभा. हातात मिठाईचा पुडा.

“आई, सापडली म्हणे?”

मी पुडा हातात घेतला. हे म्हणाले, “अरे, तसं सांगितलं लोकांना. फोन करून करून डोकं खात होते.”

“असं होय.” तो सोफ्यावर बसला, पाय पसरले. “माझ्याकडे मात्र एक फोन आलाय. तुमच्याच मंडळातला कोणीतरी. मनोरीला गेला होता पिकनिकला, तिथे एका कॉटेजवर स्वयंपाकघरात बघितली म्हणतो. आई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मला बघून ती घाबरेल. तुम्हाला बघितलं की येईल.”

हसत बोलत होता. मी चहा टाकते म्हणून आत गेले, मागच्या दाराने शेजारच्या कुलकर्णीवहिनींकडे शिरले आणि त्यांच्या फोनवरून तायडेबाईंना लावला. मनोरी हा शब्द ऐकल्यावर पलीकडे आवाज थांबला. थोडाच वेळ थांबला, पण त्या थांबण्यावरून मला सगळं कळलं. बाईंना माहीत होतं. केव्हापासून कोण जाणे, पण माझी मुलगी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

“ताई, ऐका. जावई घरी आलाय ना? मग जेवल्याशिवाय सोडायचं नाही. मासे करा. काट्यांचे. मी निघतेय.”

ते जेवण मी कधी विसरणार नाही. जावयाला जेवू घातल्याशिवाय पाठवत नाहीत, आणि गुणी जावयाला नाही म्हणता येत नाही. तो दोनदा उठला, आपण निघूया म्हणाला. ह्यांनी दोनदा खांदा दाबून बसवला, “मासे आणलेत तुझ्यासाठी, बस रे.” आणले नव्हतेच, बाजारातून आणायला हे तेव्हा निघाले आणि मुद्दाम लांबच्या बाजारात गेले. मी वाटण वाटलं तेही हळूहळू. माझ्या हातांना घाई करू देत नव्हते. कढीला आमसुलं भिजत घातली, ती भिजेपर्यंत थांबले. तो फोनवर बोटं चालवत बसला होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता. जेवताना काटे काढता काढता तो वैतागला, आणि त्याच्या प्रत्येक काट्यागणिक मी मनात म्हणत होते, बाई, पोचा आता, पोचा.

मार्व्याच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलती झाली होती. ह्यांनी बरोबर यायचा हट्ट धरला होता. फेरीबोट खाडी ओलांडते ती काही फार वेळ नाही, पण पलीकडून येणाऱ्या बोटीतल्या प्रत्येक बाईकडे मी बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

कॉटेजची मालकीण वयस्क, अंगाने भक्कम बाई होती. प्रसादने फोनमधला फोटो पुढे केला. तिने तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. “अशी एक पोरगी व्हती कामाला. गेली ती.”

“कधी गेली?”

“झालं की आता. कामाच्या पोरी काय टिकतात होय?”

प्रसाद व्हरांड्यात इकडून तिकडे फिरायला लागला. मी पाणी मागितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ गेले. आत फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, लाल झाकणाची बाटली होती. माझ्या अक्षरातलं ‘ऋतु’ माझ्याकडे बघत होतं. झाकणाला ओल्या मसाल्याचं बोट लागलेलं होतं, ताजं.

मागे त्याची पावलं वाजली. “आई, काय आहे तिथे?”

मी वळले आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिले. “काही नाही रे. चक्कर आल्यासारखं झालं.”  मालकिणीने माझ्या तोंडाकडे बघितलं, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि जाऊन आतून खिडकी लावून घेतली.

परतीच्या बोटीत प्रसादचा आवाज बदलला. त्याने माझं मनगट धरलं. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्या सासूला आधार देतोय. “आई, ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे.”

“नाही.”

“खोटं बोलू नका माझ्याशी.” बोटं रुतत होती.

“मला माहीत नाही, प्रसाद.”

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मला वाटतं त्याला तिथे खरं तेच दिसलं. कारण मला माहीत नव्हतं. तायडेबाईंवर मी सगळा दिवस मनातून चिडले होते, त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग ह्यांचा हात मध्ये आला. आयुष्यभर आवाज न चढवलेला हा माणूस म्हणाला, “हात सोड तिचा.” बोटीतल्या कोळणींनी माना वळवल्या आणि त्याने हात सोडला.

आम्ही पोचायच्या आधीच बाईंनी तिला तिथून हलवलं होतं. त्याच आठवड्यात ऋतुजाने तायडेबाईंबरोबर पोलिसांत जाऊन जबाब दिला, मी माझ्या मर्जीने घर सोडलंय. नवऱ्याविरुद्ध तक्रार झाली, बाईंनी एक वकील गाठून दिला, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. प्रसादची गाडी आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर उभी दिसायला लागली. त्यामुळे मला पत्ता मिळालाच नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “बरी आहे. काम करते. तिने सांगितलंय, आईला आत्ता नका सांगू, तो आईच्या मागे येईल.” मे महिन्यात मी मसाला केला आणि बाटली त्यांच्या ऑफिसात नेऊन दिली. काही दिवसांनी निरोप आला. “तिखट जास्त झालंय म्हणते यंदा.” मी भांडले, तिखट नेहमीचंच आहे, तिचीच सवय गेली असेल. बाई खो खो हसल्या, “हे पण सांगते तिला.” आम्हा मायलेकींचं भांडण असं त्यांच्या तोंडून चाललं होतं, आणि त्या ते इमानेइतबारे इकडून तिकडे पोचवत होत्या.

आणि मग एके दुपारी मंदाचा फोन आला. तायडेबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं म्हणाल्या आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं.

मला त्यांच्या जाण्याचं वाईट वाटायच्या आधी भीती वाटली, हे खरं ते लिहिते. पत्ते त्या कधी कागदावर ठेवत नसत, सगळे डोक्यात. माझी मुलगी कुठल्या गावात, कुठल्या नावाने राहते, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस आता नव्हता. शर्वरीला विचारलं, तर मनोरीनंतरचं तिलाही ठाऊक नव्हतं; वकिलाकडे पत्ता होता तो बाईंच्याच ऑफिसचा. घरात मी सैरभैर फिरत होते. हे नुसते म्हणत होते, “ती कळवील गो. कळवील.” पण कोणामार्फत?

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी घाटकोपरला गेले. दोनदा रिक्षा बदलली, मागे बघत बघत. त्यांच्या घराखालच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाईंचा फोटो, त्यातही त्या कोणावर तरी वैतागलेल्याच दिसत होत्या. त्रिशरण झालं, चार माणसं बोलली. आलेल्यांत कितीतरी बायका अशा होत्या, ज्यांना एकमेकींची ओळख नव्हती आणि ज्या कोणालाच आपलं नाव सांगत नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की या कोण असणार.

बाईंच्या नणंद आल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, “परबबाई ना? जेवणाची तयारी चाललीय आत. जरा हात लावा.”

पोळीभाजी केंद्राच्या मागच्या खोलीत पाचसहा जणी जमिनीवर गोल करून बसल्या होत्या. मध्ये लसणाचा ढीग. दाराकडे पाठ करून बसलेलीचे केस मानेपर्यंत कापलेले होते, ऋतुजाचे कमरेपर्यंत होते. पण पाकळी सोलताना ती डावा खांदा वर उचलत होती, लहानपणी पाढे लिहिताना उचलायची तसा. मी दाराची चौकट धरली.

तिने मान वळवली.  उठली नाही, रडली नाही. बाजूला सरकून जागा केली.

“आई, बस.”

मी बसले. माझ्या ओठांवर एकच प्रश्न होता, इतके महिने तोच होता. कुठे असतेस? तायडेबाईंनी मला पहिल्याच वेळी विचारलं होतं, सापडल्यावर काय करणार, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. ऋतुजाने ताटली माझ्यापुढे सरकवली. तिच्या बोटांना मसाल्याचा वास होता.

मी पत्ता विचारला नाही. एक गड्डा उचलला आणि सोलायला घेतला.